आवाजातली घरघर

२ फेब्रुवारी, सोमवार

आज आमच्या हौशी रेडिओवरची हजेरी संपता संपता मास्तरांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "तुमच्या आवाजाला घरघर लागली आहे बरं का." सोळा केंद्रं ऐकत होती. कप्तान मोठ्याने हसले. मीही हसलो, पण ओढूनताणून.

म्हणून ही वही. टेलिफोन एक्स्चेंजात छत्तीस वर्षं दोषवही लिहिली. तक्रार काय, तपासलं काय, सापडलं काय. वही न ठेवता दोष शोधायला बसलेला माणूस तोच स्क्रू तीनदा उघडतो, हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो. आता नोकरी नाही, पण सवय आहे.

तक्रार: मी बोलतो तेव्हा मागे सतत घुं घुं. बोलता बोलता थांबलो आणि माइकचं बटण दाबलेलंच राहिलं तर जास्त. मला स्वतःला यातलं काही ऐकू येत नाही. डावा कान गेलेला, उजव्याला खालचे सूर लागत नाहीत. तेव्हा घरघर आहे की गेली, हे मला लोकांनीच सांगायचं.

संशय दोन. गेल्या महिन्यात माइकच्या मागे आवाज वाढवणारं एक छोटं सर्किट बसवलं, कारण माझा आवाज आताशा बारीक झालाय. ते एक. दुसरा, वीजपुरवठ्यातला मोठा कपॅसिटर. ट्रान्समीटर मीच बांधलेला, त्याला बावीस वर्षं झाली. कपॅसिटर म्हातारा झाला की विजेची गुणगुण आत सोडायला लागतो.

हिला सांगितलं. म्हणाली, "मग नवा बसवा." जरा दम घेतला आणि पुढे म्हणाली, "त्याला तरी बसवता येतो."

४ फेब्रुवारी, बुधवार

कपॅसिटर बदलला. घरघर तशीच.

हिच्या खोलीतल्या यंत्राला आता बारा दिवस झाले. हवेतून प्राणवायू गाळून काढतं आणि नळीने नाकात सोडतं. डॉक्टरांनी बजावलं आहे की नळी दिवसा नाही, रात्री नाही, अंघोळीलाही काढायची नाही. तिची फुप्फुसं आतून घट्ट झाली आहेत, ती सैल होणार नाहीत. यंत्र आलं त्या दिवशी तिचा पलंग मागच्या खोलीतून माझ्या रेडिओच्या शेजारच्या खोलीत आणला. मधलं दार अर्धं उघडं ठेवतो. तिला माझी हजेरी ऐकायची असते.

त्या यंत्राचं नाव तिने जाऊबाई ठेवलंय. मी एकुलता एक, तिला जाऊ कधी मिळाली नाही, ती हौस आता फिटली म्हणते. "दिवसभर कोपऱ्यात बसून पुटपुटतात, मधेच उसासा टाकतात. कामाला हात लावायला नको." तिच्या या बोलण्यावर काल सिस्टरसुद्धा हसल्या. सिस्टर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी येतात, तिचं अंग पुसतात, बोटाला चिमटा लावून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघतात. काल नव्वद होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हजेरी झाल्यावर कप्तानांनी मला बाजूच्या वारंवारतेवर बोलावलं. कप्तान म्हणजे जहाजावरचे जुने रेडिओवाले, आमच्यात सगळ्यांत तीक्ष्ण कान त्यांचे. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. किनाऱ्यावरच्या दोघांना तुमचं बोलणं कळत नाहीये. महिनाअखेरपर्यंत बघा, नाहीतर हजेरी मास्तरांकडे देऊ. तात्पुरती."

तात्पुरती म्हणे. मास्तरांनी चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेतली, एकदा हातात आली की ते सोडतात होय?

एकोणीस वर्षं रोज सकाळी साडेसातला मी एकेकाची कॉल साइन पुकारतो, तो "हजर" म्हणतो, आपल्याकडचं हवामान सांगतो, प्रकृती सांगतो. अर्ध्या तासात आटोपतं. सगळ्यात शेवटी शेजारच्या खोलीतून ही "हजर" म्हणते. ते माझ्याशिवाय कोणाला ऐकू जात नाही. ते ऐकल्याशिवाय मी सेट बंद करत नाही.

हजेरी गेली तर माझ्याकडे उरतं काय? हे लिहिलं आणि उघड्या दारातून पलंगाकडे नजर गेली. लाज वाटली, पण खोडत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस माइकमागे. माइकची वायर उपटली की घरघर जाते. म्हणजे ती माइकच्या बाजूने येते, एवढं पक्कं. वायर बदलली, जाळी गुंडाळलेली चांगली वायर घातली. ते नवं सर्किट पत्र्याच्या डबीत बंद केलं. फरक शून्य.

कप्तानांनी आज नीट कान देऊन ऐकलं. "नुसती घुं घुं नाही. दर नऊ सेकंदांनी एक उसासा आहे. सूंऽऽ करून जातो." मी वहीत मांडलं: घरघर अधिक उसासा, दर नऊ सेकंदांनी. नऊ सेकंदांत भरून रिकामा होणारा कुठला भाग माझ्या सर्किटात आहे, यावर दुपार घालवली. तसला भागच नाही.

"घरात एखादा पंप चालू असतो का?" असंही त्यांनी विचारलं. पाण्याचा आहे, पण तो मी दुपारी लावतो, असं सांगितलं.

कप्तानांनी मग नेहमीसारखं विचारलं, "वहिनी कशा आहेत?" मी नेहमीसारखं "ठीक" म्हटलं. घरातलं दुखणं हवेवर सांगायचं नाही हा माझा नियम आहे. सोळा माणसं हळहळणार, रोज विचारणार, आणि मला रोज तेच सांगावं लागणार.

रविवारी जाऊबाईंची जाळी धुवायची असते. ती धुतली. पाठीमागे किती तास चाललं ते दाखवणारं छोटं मीटर आहे, त्याचा आकडाही सवयीने टिपला. आठवड्याचे बरोबर एकशे अडुसष्ट तास. चोख यंत्र आहे.

लेकीचा फोन आला होता. "बाबा, आईजवळ बसता ना?" बसतो म्हटलं. खरं म्हणजे फारसा बसत नाही. तिच्याजवळ बसलं की मला भीती वाटते. दोष माहीत आहे आणि त्याला दुरुस्ती नाही, अशा ठिकाणी माझ्यासारख्याने हात मांडीवर ठेवून काय करायचं? रेडिओचं निदान सापडेल तरी.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज डोकं फिरलं. सेट घरच्या विजेवरून काढला आणि गाडीच्या बॅटरीवर चालवला. भिंतीतली वीज लागलेलीच नाही, तर विजेची गुणगुण येईल कुठून? तरी मास्तर म्हणाले, "आहे हो, जशीच्या तशी आहे." आवाजात खुशी होती. मला तरी तसं वाटलं.

हजेरीनंतर दोघांना हवेवर थांबवून घरातलं एकेक बटण बंद करत गेलो. फ्रिज बंद, पंखे बंद, पंपाचा खटका खाली, बाहेरचा दिवा बंद. दर वेळी धावत येऊन विचारायचं, "आता?" आणि कप्तानांनी म्हणायचं, "आहे." शेवटी खुर्चीत बसलो आणि तोंडातून शिवी गेली. कोण शिरलंय माझ्या घरात हे, असं काहीतरी ओरडलो.

पलंगावरून हिचा आवाज आला, "आमच्या खोलीचं राहिलं की."

"ते कसं बंद करू? काहीतरीच बोलतेस."

दूध घेऊन गेलो तेव्हा तिने विचारलं, "हजेरी अर्धाच तास असते ना हो?" म्हटलं, एकोणीस वर्षं ऐकतेस आणि आज विचारतेस? म्हणाली, "विचारलं आपलं."

१० फेब्रुवारी, मंगळवार

अंगणात पाच फूट तांब्याचा गज ठोकला. सेटची जुनी अर्थिंग काढून जाड वायरने त्या गजाला जोडली. हाताला फोड आले. ही अखेरची युक्ती आहे, याच्यापुढे मला सुचत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

गेली.

पहिलं अर्धं मिनिट होती, मग गेली. कप्तान म्हणाले, "अहो, साफ. आरशासारखा आवाज." मास्तरांनाही कबूल करावं लागलं. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटाचं एवढं काही नाही, सेट तापेपर्यंत तेवढं चालायचंच. गज कामाला आला. पहिल्याच दिवशी ठोकला असता तर नऊ दिवस वाचले असते.

धावत हिच्याकडे गेलो. दोन्ही हात गादीवर टेकून पुढे वाकून बसली होती, ओठ पांढरे पडले होते. घरघर गेली म्हणून सांगितलं तर श्वास जमवायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, "जाऊबाई माहेरी गेल्या असतील."

मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. तीही हसायला गेली आणि तिला ठसका लागला. पाठ चोळून दिली. शेजारी जाऊबाई आपल्या गरम हवा सोडत बसल्या होत्या.

आज मी आनंदात आहे. खूप दिवसांनी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

परत आली, सात वाजून चाळीस मिनिटांनी. तोपर्यंत आवाज साफ होता. दाराची घंटा वाजली, सिस्टर आल्या, आणि दोन मिनिटांत कप्तान म्हणाले, "लागली हो घरघर."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शनिवार, रविवार, सोमवार साफ. आज सिस्टर घंटा वाजवेपर्यंत साफ, नंतर घरघर.

वहीत दोन रकाने आखले आणि वार लिहीत गेलो. चित्र स्पष्ट आहे, घरघर सिस्टरांबरोबर येते. त्यांच्याजवळ दोन मोबाइल असतात, त्यातला एक त्या आल्या आल्या चार्जिंगला लावतात. हलका चार्जर असला की काय काय विजेत सोडतो ते मला माहीत आहे. बॅटरीच्या दिवशी घरघर कशी होती हा प्रश्न राहतो, पण त्या दिवशी शेजाऱ्यांचं काहीतरी असेल.

सिस्टर निघाल्या तेव्हा सांगितलं, शुक्रवारपासून नऊ वाजता या.

"रेडिओसाठी, आजोबा?"

"हो, रेडिओसाठी."

त्यांनी आत हिच्याकडे पाहिलं. ही पटकन म्हणाली, "नऊच बरं पडेल. सकाळी मला झोप लागते."

ही माझी बाजू घेते याचं बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

बुधवारपासून रोज साफ. सिस्टर नऊला आल्या त्या शुक्रवारीही साफ. निदान बरोबर निघालं. कप्तान म्हणाले, हजेरी तुमच्याकडेच राहील, मास्तरांचीही हरकत नाही. मी साधेपणाने आभार मानले आणि बटण सोडल्यावर टेबलावर मूठ आपटली.

ही मात्र आता शेवटी "हजर" म्हणत नाही, दम पुरत नाही. स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवते. मी तेवढ्यावर सेट बंद करतो.

जाऊबाईंचं मीटर मागच्या रविवारी दोन तास कमी दाखवत होतं, आज तीन तास कमी. वीज एकदाही गेलेली नाही. मीटर मागे पडू लागलंय. असल्या स्वस्त मीटरांवर मी एक्स्चेंजातही कधी विश्वास ठेवला नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टरांनी चिमटा लावला, आकडा ब्याऐंशी. दुसऱ्या बोटाला लावून पाहिला, तरी ब्याऐंशी. नखं निळसर दिसतात म्हणाल्या. "सकाळी नळी निसटते का यांची?"

"नाही."

"तुम्ही असता जवळ?"

"शेजारच्या खोलीत असतो. दार उघडं असतं." माझा आवाज जरा चढलाच.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी यंत्राचा प्रवाह दोनवरून तीनवर न्यायला सांगितला, नेला. दुपारी आकडा अठ्ठ्याऐंशीपर्यंत चढला. म्हणजे दुपारी बरी असते, बिघाड सकाळचाच. आजारी माणसाला सकाळ जड जात असेल.

१ मार्च, रविवार

मीटर चार तास मागे. यंत्राच्या कंपनीचा माणूस आला की त्याच्या कानावर घालायला हवं. यंत्र तसं व्यवस्थित आहे, हात लावला की थरथर जाणवते, नळीतून हवा येते.

३ मार्च, मंगळवार

मास्तर आज म्हणाले, "आता तुमचा आवाज असा येतो, जणू शेजारच्या खोलीत बसून बोलताय." एवढं कौतुक त्यांनी एकोणीस वर्षांत केलं नव्हतं. मग त्या भरात त्यांनी स्वतःची एक कविता ऐकवली. बारा कडवी. हजेरी पंचेचाळीस मिनिटं चालली.

चमचा एकदाच वाजला. आत गेलो तर ती आडवी होती, डोळे मिटलेले. जाऊबाई गरम हवा सोडतच होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मास्तरांना सांगा, आवरतं घेत जा."

"कविता एवढी वाईट होती?"

"लांब होती."

५ मार्च, गुरुवार

संध्याकाळी तिने बसायला सांगितलं, बसलो. तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. मी नसले तरी रेडिओ बंद करू नका. वीस वर्षांपूर्वी आई गेल्या तेव्हा तुम्ही सेट उतरवून ठेवला होता. वर्षभर कोणाशी बोलला नाहीत, माझ्याशीही नाही. ते वर्ष पुन्हा तुमच्या वाट्याला यायला नको.

मी रागावलो. काय अभद्र बोलतेस, म्हणालो आणि उठून आलो. सोल्डरची डबी उघडून बसलो, पण करण्यासारखं काहीच नव्हतं, सेट उत्तम चालू आहे. मी उठायला नको होतं.

७ मार्च, शनिवार, सकाळी सहा पन्नास

घाईत लिहितो. रात्री किनाऱ्यावर वादळ धडकलं. मोबाइलचे मनोरे पडले, वीज नाही, फोन नाही. आमची किनाऱ्यावरची दोन्ही केंद्रं बॅटरीवर आहेत आणि तीच काय ती बाहेर बोलू शकतात. कोण सुखरूप, कोणाला शाळेत हलवलंय, कोणाला औषध हवंय, हे निरोप त्यांच्याकडून घ्यायचे आणि नातेवाइकांना पोहोचवायचे. कप्तान म्हणाले, "सूत्रं तुम्ही घ्या. आज तुमच्याएवढा स्वच्छ आवाज कोणाचा नाही." ह्याच दिवसासाठी एवढी वर्षं हजेरी घेतली.

हिला सांगितलं, आज वेळ लागेल.

"किती?"

"कोणास ठाऊक. तास, दोन तास."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं. दार उघडं ठेवा."

यंत्र पाहिलं, तीनवर आहे, चालू आहे.

१६ मार्च, सोमवार

नऊ दिवस वही उघडली नाही. आज लिहितो, कारण तक्रार नोंदवायची आहे.

त्या दिवशी साडेसातपासून सव्वानऊपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही. त्रेसष्ट निरोप गेले. नेहमीची हजेरी घेतली नाही, तेवढी सवड नव्हती. काम शिस्तीत झालं. फक्त एकदा, मी निरोप वाचून दाखवत असताना कोणीतरी मधेच "हजर" म्हणालं. बारीक, लांबून. एखादं नवखं केंद्र असणार. मी त्याला दटावलं आणि पुढे वाचत गेलो.

सव्वानऊला चहा घेऊन आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून होती. नळी नाकातच होती. यंत्र बंद होतं.

बटण दाबलं तर लगेच सुरू झालं. नळीतून हवा यायला लागली. ती तशीच.

मीटर चार चार तास मागे पडत होतं तेव्हाच मला कळायला हवं होतं, की मीटर नाही, यंत्रच मधून मधून बंद पडतंय. सकाळचा आकडा त्यामुळेच उतरत होता. छत्तीस वर्षं मेकॅनिक, आणि डोळ्यांसमोरचा दोष वहीत टिपून गप्प बसलो. लेक आल्यापासून माझ्याशी नीट बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

कंपनीला लेखी तक्रार केली.

१८ मार्च, बुधवार

कंपनीचा माणूस आला, यंत्र दोन तास तपासलं. निर्दोष आहे म्हणाला. मी तोंडाला येईल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं, मग भिंतीतली पिन उपटली. यंत्र बंद पडलं आणि कर्कश शिट्टी मारायला लागलं. "आपोआप थांबलं की हे असं ओरडतं, काका. शेजारच्या घरापर्यंत जातं." मग पिन लावून, यंत्र सुरू करून, पुढचं बटण दाबलं. यंत्र गप्प झालं. "बटणाने बंद केलं तरच ओरडत नाही."

शिट्टी मला नक्की ऐकू आली असती. वरचे सूर अजून लागतात.

याचा अर्थ मला लागत नाही.

२० मार्च, शुक्रवार

कप्तानांनी वादळाच्या दिवसाचं सगळं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. ते त्यांनी लेकीच्या फोनवर पाठवलं. सोबत लिहिलं होतं, वहिनींचं कळलं, शब्द नाहीत, पण तुम्ही त्या दिवशी केलेलं काम घरच्यांनी ऐकावं असं वाटलं.

लेक आणि मी स्वयंपाकघरात बसलो. तिने एक हेडफोन स्वतः घेतला, एक मला दिला. सुरुवातीला मी माझी कॉल साइन सांगतोय. ती लगेच म्हणाली, "बाबा, मागे आईचं यंत्र ऐकू येतंय."

"ती घरघर. सेट तापेपर्यंत असते."

"घरघर कसली? यंत्र आहे ते. उसासासुद्धा आहे बघा."

तिने मागे नेऊन तीनदा लावलं. मला ऐकू आलं नाही. मग एक टक् झाला, तो मला ऐकू आला. त्यानंतर, दाराआडून यावा तसा, हिचा आवाज. "बोला आता."

लेकीने फोन थांबवला. मी म्हटलं, पुढे जाऊ दे.

बेचाळिसाव्या मिनिटाला मी एका वस्तीतल्या माणसांची नावं वाचतोय. मधेच "हजर". लगेच माझा आवाज: "मध्ये कोण बोलतंय? जरा दम धरा, निरोप चाललाय."

मी बटण दाबून बोलत असलो की माझा रिसीव्हर बंद असतो. त्या वेळी दुसरं कुठलंच केंद्र माझ्या कानात येऊ शकत नाही. हौशी रेडिओच्या परीक्षेतला हा पहिला धडा आहे, मी तो कितीजणांना शिकवला. तो आवाज हवेतून आलाच नव्हता. तो दारातून आला होता, आणि माझ्याच माइकमधून कप्तानांकडे गेला.

त्यानंतर ध्वनिमुद्रण एक तास पुढे चालतं. आवाज अगदी स्वच्छ आहे.

लेक टेबलावर डोकं टेकवून रडली. तिला हात लावायची मला हिंमत झाली नाही.

२१ मार्च, शनिवार

तक्रार: आवाजात घरघर.

तपासलं काय: कपॅसिटर, वायर, माइक, सर्किट, अर्थिंग, फ्रिज, पंखे, पंप, सिस्टरांचा चार्जर.

सापडलं काय: माइक चांगला होता. खोलीत जे होतं ते तो सांगत होता. मीटर बरोबर होतं. सिस्टरांची घंटा वाजली की ती यंत्र परत लावायची. जे बंद करता येत नाही त्याचा मी विचारच केला नाही, आणि तिने तेच बंद केलं. मला सांगितलं असतं तर मी रेडिओ गुंडाळून ठेवला असता, हे तिला ठाऊक होतं. रोज अर्धा तास. मास्तरांच्या कवितेच्या दिवशी पाऊण. मला तिने सांगितलंसुद्धा होतं, जाऊबाई माहेरी गेल्या म्हणून. मी हसलो होतो.

२३ मार्च, सोमवार

यंत्र न्यायला दुपारी माणूस येणार आहे.

सव्वासातला हिच्या खोलीत गेलो. पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली. यंत्राचं बटण दाबलं आणि नळी पलंगावर ठेवली. मधलं दार पुरतं उघडलं. लेक दारात उभी राहून बघत होती.

पंधरा दिवस हजेरी मास्तर घेत होते. साडेसातला मी कॉल साइन सांगितली तसे ते थांबले आणि म्हणाले, "या. तुमचीच आहे." एकेकाला पुकारलं. एकेकजण हजर म्हणाला. हवामान, प्रकृती. बाराव्या केंद्राची पाळी आली तेव्हा कप्तान अवघडत म्हणाले, "सांगू की नको कळत नाही. तुमची घरघर परत आली आहे."

"आली आहे," मी म्हटलं. "आजच्या दिवस राहू द्या. आमच्या जाऊबाई आहेत, दुपारी जाणार."

मग सगळं सांगितलं. यंत्र कधी आलं, ती त्याला काय म्हणायची, गज कशासाठी ठोकला, घंटा वाजली की काय व्हायचं. घरातलं हवेवर सांगायचं नाही हा नियम मोडला. मग उरलेल्यांना पुकारलं.

शेवटच्या केंद्राने "हजर" म्हटलं. मी माइक उचलून मधल्या दाराकडे धरला आणि बटण दाबून ठेवलं, पुरतं एक मिनिट. मास्तर नंतर म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं, उसाशासकट. लेकीनेही ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही.